पाणी कुठवर येतं

राणीसावरगावच्या डोंगराकडं एक जुनं तळं होतं आणि तळ्यात शिरलेली, तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेली दाट झाडीची एक टेकडी. निजामाच्या राज्यात ती जागीरदाराची शिकारगाह. पोलीस अॅक्शन झाली, जागिरी खालसा झाल्या आणि सरकारनं टेकडी राखीव केली. तिथल्या मोरांना, काळविटांना आता कुणीच हात लावायचा नव्हता.

टेकडीवरून वाद नव्हता. वाद लागला तो भोवतालच्या पाण्याखालच्या जमिनीवरून. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काळाभोर गाळ उघडा पडायचा, काठची माणसं त्यात पेरा करायची. तहसीलवाले म्हणायचे, ही जमीन महसुलाची. जंगल खात्याचं म्हणणं, पाण्याखाली जाते ती तळ्याची आणि तळं टेकडीबरोबर आमचं. शेवटी ठरलं की तळं भरल्यावर पाणी जिथवर येतं, तिथवर जंगल खात्याची हद्द.

येडबा धनगर याच तळ्यावर मेंढरं पाजायचा. टेकडीवरची चराई बंद झाल्यापासून त्याचे हाल चालले होते. जंगलाचा शिपाई माणिकराव त्याला म्हणाला होता की गाळाची जमीन आमच्याकडं आली तर पेरा बंद होईल, पण गवताला मेंढरं सोडता येतील.

काठावर मुंजाजी आणि त्याची बायको दगडाबाई यांची जमिनीची पट्टी होती. उभयतांना दुसरं शेत नव्हतं. पट्टी चढावर होती, पाणी तिथवर पोचत नसे. पट्टीच्याही पलीकडच्या पळसाच्या झाडापर्यंत पाणी गेलेलं येडबानं एकदाच पाहिलं होतं, सांडवा तुंबला त्या साली. या घराशी त्याचा घरोबा होता. त्याची बायको केवळाबाई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा दगडाबाईच त्यांच्या चुलीपुढं बसली होती.

पाहणीला साहेब आले तेव्हा मुंजाजी गंगाखेडच्या बाजाराला गेलेला. चार माणसं जमली होती. बांधाशी दगडाबाई पदर सावरून उभी होती. तळ्यावर रोज कोण असतं, असं साहेबांनी विचारलं आणि सगळ्यांनी येडबाकडं पाहिलं.

"पाणी कुठवर येतं?" साहेबांनी विचारलं.

येडबानं काठी उचलून दाखवलं. "त्या पळसापर्यंत येतंय, साहेब."

साहेबांनी लिहून घेतलं आणि ते पुढं चालू लागले. 'एकदाच आलतं' एवढं म्हणायला वेळ होता. येडबानं खाली वाकून पायतानाचा अंगठा नीट केला.

हद्दीचे दगड पळसाशी रोवले गेले आणि मुंजाजीची पट्टी तळ्यात धरली गेली. त्यानं तहसीलला खेटे घातले, पण जिथं तिथं लिहून घेतलेली जबानी आडवी आली; ती कुणाची, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पुढच्या हंगामाआधी नवरा-बायको मानवतला गेले आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. माणिकरावानं सांगितलेलं खरं ठरलं. येडबाची मेंढरं मोकळ्या गाळावर चरू लागली, अंगानं भरली. केवळाबाईला हायसं वाटलं. येडबाला मात्र त्या पट्टीवर कळप शिरला की घास गिळवेना. रानात बसून सोडलेली भाकर तशीच घरी यायची.

शेवटी तो तहसीलला गेला, आपण चुकीचं बोललो म्हणाला. कारकुनानं ऐकून घेतलं. जमीन आता जंगल खात्याची झाली, इथून काही होणार नाही, असं सांगून त्यानं येडबाला वाटेला लावलं.

मग तो मानवतला गेला. दगडाबाई जिनिंगच्या फाटकाबाहेर भेटली, केसांत कापसाचे तंतू. तिनं आधी केवळाबाईची, लेकरांची खुशाली विचारली. येडबानं मान खाली घातली.

"वैनी, तुमची जमीन माझ्यामुळं गेली. पळसापर्यंत पाणी येतंय म्हनून मीच सांगितलं."

"मी तितंच उभी हुते, भावजी."

"मंग बोल्ल्या का न्हाई?"

"मला कुनी इचारलं? तुमाला इचारलं." तिनं केसांतला कापूस झटकला. "मला वाटलं, आता पुढं सांगताल, एकदाच आलतं म्हनून. मी वाट बघू लागले हुते."

ती रागावली असती तर त्याला सोसलं असतं. तिनं एवढंच सांगितलं की मुंजाजीला यातलं ठाऊक नाही, त्याला भेटू नका, त्याचा तुमच्यावर लय जीव हाय. मग भोंगा झाला आणि ती आत गेली.

त्यानंतर येडबानं त्या पट्टीत मेंढरू जाऊ दिलं नाही. मनाई कुणाचीच नव्हती. तो उन्हात काठी घेऊन कडेनं उभा राहायचा आणि कळप वळवायचा. दुसऱ्या धनगरांचे कळप मात्र खुशाल आत शिरायचे. एके दिवशी केवळाबाई न्याहारी घेऊन आली, तिनं हे पाहिलं.

"अवो, गवत तर दुसऱ्याचीच मेंढरं खायलीत," ती म्हणाली.

"खाऊ दे," येडबा म्हणाला आणि आपला कळप वरच्या माळाला घेऊन गेला.