लीलाताईंची पहार

पुणे शहरातील, विशेषतः कोथरूडमधील तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या शेजारी श्रीमती लीलाताई मेश्राम यांचे गेल्या महिन्यात निधन झाले. तरी रस्त्यावरच्या झाडांना खिळे ठोकायला आता रान मोकळे झाले, असा समज कोणीही करून घेऊ नये. ताई गेल्या आहेत. त्यांचे विद्यार्थी अजून आहेत!

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या तरी ताईंचा आवाज शेवटपर्यंत ट्रंक कॉलचाच राहिला. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर फुटपाथवर एक कडुनिंब आहे. फाटकाशी चिखल नको म्हणून आमचे अध्यक्ष पाठकसाहेब यांनी त्याच्या खोडापर्यंत सिमेंट ओतून घेतलं. हळूहळू झाड अर्धं वाळलं. मग ते गाड्यांवर पडण्याआधी तोडावं, असं सभेत मांडलं तेही पाठकांनीच. लीलाताई उभ्या राहिल्या.

"पाठक, आपल्या गळ्यापर्यंत सिमेंट ओतलं तर आपण किती टवटवीत राहाल?"

पुढच्या चैत्रापर्यंतची मुदत त्यांनी मागून घेतली. पालवी फुटली नाही तर खुशाल तोडा, म्हणाल्या. पालिकेची परवानगी काढली आणि दर रविवारी सकाळी झाडाखाली आम्हा रहिवाशांचा वर्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी आपली छोटी पहार पाठकांच्या हाती दिली. "ओतलंत तुम्ही, काढाही तुम्हीच. मुळाला लागली तर माझ्याशी गाठ आहे." मग आम्ही खिळे उपटले, तारा सोडवल्या, वाळका पाला जाळायचा सोडून बुंध्याभोवती पसरायला शिकलो. आमची भाविक मंडळी थेट खोडावर तांब्या ओतायची, तोही डोळे मिटून. "पिंडी आहे का ती? लांब घाला, सावलीच्या कडेला. आणि आधी मातीत बोट घालून बघा, ओल आहे का!" बँकवाले, आयटीवाले, डॉक्टरीणबाई, सगळे उकिडवे बसून मातीत बोटं घालताहेत... समोरच्या सोसायटीला वाटलं, कुणाचं तरी मंगळसूत्र हरवलंय.

आणि चैत्रात वाळक्या फांदीवर तांबूस पालवी आली! पाठकांनी नातू झाल्यासारखे पेढे वाटले. समोरच्या सोसायटीनं आपल्या झाडांसाठी पहार उसनी मागितली. ताईंनी पहारीबरोबर पाठकांनाही पाठवून दिलं.

परवा पार्किंगमध्ये शोकसभा झाली. ताईंच्या फोटोशेजारी ती पहार ठेवली होती, टोकाला अजून माती. नवे सेक्रेटरी सद्गदित होऊन म्हणाले, "कडुनिंबाभोवती ग्रॅनाइटचा छानसा पार बांधू, त्यावर ताईंचं नाव कोरू." टाळ्या पडल्या. चक्क पडल्या! ताईंबरोबर त्यांचा वर्गही गेला की काय, असं मला वाटून गेलं... इतक्यात, अध्यक्षीय श्रद्धांजलीसाठी घसा खाकरत उभे असलेले पाठक भाषणाचा कागद टाकून थेट पहारीकडे धावले. ती उचलून भर सभेत ओरडले,

"खबरदार, माझ्या झाडाजवळ सिमेंट आणाल तर!"