आधी रबर, मग लाख

गोदूबाई कातारणीच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला. सन अठराशे ब्याण्णवचा फाल्गुन होता. मी तेव्हा ठाण्यात एका वकिलांकडे कारकून होतो. दस्तऐवजांच्या नकला करायच्या, प्रत्येक नकलेखाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा आणि वर वकीलसाहेबांची सही घ्यायची, हे माझं काम. पूर्वी आमच्याकडे पितळी शिक्का होता. मग रबराचे शिक्के निघाले आणि ठाण्यातच त्र्यंबक पाठारे नावाच्या गृहस्थांनी ते करून द्यायचं दुकान काढलं. रबरावर अक्षरं उठवायचं काम त्यांचं. ते रबर ज्यावर चिकटवायचं तो लाकडी ठोकळा आणि वरची मूठ मात्र कल्याणहून यायची, दगडू कातारी नावाच्या, लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून.

पहिला शिक्का आला तो कोऱ्या लाकडाचा. रबराच्या शिक्क्याची शाई जांभळी आणि चिकट. पंधरा दिवसांत ती ठोकळ्यात मुरली, कडांनी वर चढली आणि माझ्या बोटांना लागायला लागली. राखेनं घासा, लिंबानं घासा, बोटं जांभळी ती जांभळीच. आईनं मला देवघरात यायची बंदी केली. एके दिवशी खरेदीखताच्या स्वच्छ नकलेवर माझा अंगठा उमटला. वकीलसाहेबांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “हरिहर, यातलं पक्षकाराला काय द्यायचं, नक्कल की तुमचा अंगठा?”

मी त्र्यंबकशेटांकडे तक्रार केली. त्यांनी कल्याणला निरोप धाडला की ठोकळ्याला सगळीकडून लाख चढवा, म्हणजे शाई मुरणार नाही. दुसरा शिक्का आला तो पाळण्यावरच्या खेळण्यासारखा देखणा. तांबडी मूठ, पिवळा ठोकळा, पाणी टाकलं तर घरंगळून जावं अशी झिलई. आठ दिवस मी खुशीत होतो. नवव्या दिवशी एका मृत्युपत्राच्या नकलेवर शिक्का मारला, मूठ उचलली, तर रबर कागदावरच राहिलं. ते काढायला गेलो तसं घसरलं आणि दोन दिवस बसून लिहिलेली ओळ न ओळ जांभळी झाली.

“रबर चिकटवायचा माझा सरस चांगला आहे,” त्र्यंबकशेट म्हणाले. “ठोकळ्यातच खोट असणार. त्या दगडूला जाऊन विचारा.”

म्हणून रविवारी मी गाडीनं कल्याणला गेलो. पारनाक्याच्या मागे कातार्‍याचं घर कुणीतरी दाखवलं. अंगणात छपराखाली लाकूड गरगर फिरवून कातायचा खराद चालू होता. मला वाटलं होतं एखादा पीळदार माणूस पटाशी धरून बसलेला असेल. तिथे पटाशी धरून बसली होती पस्तिशीची एक बाई. पदर कमरेला खोचलेला, मांडीवर भुश्शाचा ढीग. समोर खांबाला टेकून एक पुरुष खराद फिरवायची दोरी ओढत होता. दोरीचं एक टोक त्याच्या डाव्या हातात, दुसरं डाव्या पायाला बांधलेलं. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला.

“दगडू कातारी कोण?” मी विचारलं.

“मीच,” पुरुष म्हणाला. बाईनं घाईनं पटाशी बाजूला ठेवली आणि पदर सारखा केला. त्या घाईनंच मला सगळं कळलं.

“म्हणजे शिक्क्यांचे ठोकळे...”

“साहेब, शेटना सांगू नका,” बाई म्हणाली. “काम जाईल.”

मी भांडायचं विसरलो. तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि हळूहळू हकिकत सांगितली. लग्न झाल्यापासून बारा वर्षं ती दोरी ओढत होती आणि दगडू लाकूड कातत होता. पाळण्याचे खांब, लाटणी, भिंगऱ्या. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तो विहिरीपाशी पडला आणि उजवी बाजू गेली. भावकीनं सांगितलं, खराद विका आणि कुणाच्या शेतावर जा. कातार्‍याच्या बाईनं दोरी ओढावी, पटाशीला हात लावू नये, असा त्यांचा रिवाज. “पण बारा वर्षं मी समोरच बसलेले,” गोदूबाई म्हणाली. “माझे हात दोरीवर होते. डोळे तर मोकळेच होते ना?”

ती शिकली ती लाटण्यांवर. दगडू डोळे मिटून आवाज ऐकायचा. “जरा वर धर,” म्हणायचा, “लाकूड ओरडतंय.” पहिली वीस-पंचवीस लाटणी चुलीत गेली. एकविसावं कुठलं आणि पंचविसावं कुठलं हे दगडूला पाठ होतं, असं ती हसत सांगत होती आणि दगडू मान खाली घालून ऐकत होता. माल घेऊन जाणाऱ्या गाडीवानापासून त्र्यंबकशेटांपर्यंत सगळ्यांना वाटे, दगडूच काम करतो.

मी पिशवीतून शिक्का काढून दिला. तिनं रबर सुटलेल्या बाजूवर नख ओढलं.

“हे होणारच होतं. सरस लाकडाला धरतो, लाखेला धरत नाही. आरशावर भिंगरी चिकटेल का?”

“मग खालीही लाख का लावलीत?”

“शेटचा निरोप होता, सगळीकडून चढवा. मी म्हटलं, शेटना काही ठाऊक असेल.”

“मग खालची बाजू कोरी ठेवा आणि बाकीच्याला लाख लावा,” मी म्हणालो. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दगडू पहिल्यांदाच आपणहून बोलला. “तुमची शाई बघायला पाहिजे. लाकडात कुठून शिरते ते कळल्याशिवाय काय बोलायचं?”

पुढच्या रविवारी मी शाईची बाटली घेऊन गेलो. शुक्रवारी वकीलसाहेबांना सांगून ठेवलं होतं की शिक्क्याचं काम निघालं आहे. ते म्हणाले, तुम्ही कारकून आहात की कातारी? गोदूबाईनं हेदाच्या पिवळ्या लाकडाचे तीन ठोकळे तयार ठेवले होते. एक कोरा, एक पुरता लाखेचा, एक खालून कोरा आणि बाजूंनी लाखेचा. त्र्यंबकशेटांकडून आणलेले रबराचे तुकडे तिन्हींना सरसानं चिकटवले, सरस वाळू दिला आणि परातीत शाई ओतून ठोकळे उभे केले. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा तिनं माझ्यासमोर तिन्ही करवतीनं मधोमध कापले.

कोरा ठोकळा आतून वांग्यासारखा झाला होता. लाखेच्या ठोकळ्यात शाईचा थेंब नव्हता, पण रबर बोटानं ढकललं तसं निघालं. तिसऱ्याचं रबर पक्कं होतं. माझा चेहरा उजळला. पण गोदूबाईनं कापलेली बाजू माझ्यापुढे धरली. रबर आणि लाकूड यांच्या सांध्यातून शाईची केसाएवढी रेघ आत गेली होती आणि तिथला सरस मऊ पडला होता.

“महिनाभरात हाही सुटेल,” ती म्हणाली.

“सांधा बुजवला पाहिजे,” दगडू म्हणाला. “पण रबर बसल्यावर.”

गोदूबाई म्हणाली, “म्हणजे आधी रबर, मग लाख. आपण उलटं करतोय.”

खरादावर लाख घासून चढवतात ती गरम होऊन वितळते, आणि त्या उष्णतेनं रबर बिघडलं असतं. त्यावर उपाय तिला ठाऊक होता. पापुद्र्यांसारखी चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कुंचल्यानं सांध्यावरून फिरवायची. अवघड होतं ते निराळंच. रबर चिकटवायचं काम ठाण्याच्या दुकानात होई. सांध्याची लाख तिथेच बसून लावायला हवी होती, आणि लावणारीचा हात सगळ्यांना दिसणार होता.

“मी शेटना कृती सांगतो,” मी म्हणालो. “त्यांचा माणूस लावेल.”

“जाड लावली तर तडकते, पातळ लावली तर शाई शिरते,” ती म्हणाली. “सांगून येण्यासारखं नाही ते.” आणि नवऱ्याकडे पाहून तिनं विषय सोडला. “राहू द्या. लाटणी आहेत, भिंगऱ्या आहेत. तेवढ्यावर चालतंय.”

दगडू बराच वेळ पायाची दोरी सोडत बसला. डाव्या हातानं गाठ सुटेना. ती मदतीला वाकली तशी त्यानं तिचा हात बाजूला केला.

“बुधवारी जाऊ,” तो म्हणाला. “मी येतो बरोबर.”

दोघंही आगगाडीत कधी बसले नव्हते. कळव्याची खाडी ओलांडताना गोदूबाईनं डोळे मिटून घेतले होते, असं दगडूनं मला स्टेशनावर सांगितलं. काठी टेकत तो दुकानापर्यंत चालत आला. अर्ध्या मैलाला पाऊण तास लागला, पण टांगा करू दिला नाही.

त्र्यंबकशेटांनी त्याला प्रथमच पाहिलं. “ये दगडू, बस,” म्हणत त्यांनी कुंचला त्याच्यापुढे केला. मग त्यांची नजर त्या लोंबत्या हाताकडे गेली.

“मी नाही करत शेट,” दगडू म्हणाला. “तीन वर्षं झाली. ठोकळे ही करते.”

“म्हणजे इतके दिवस मला फसवलंत?”

“फसवलं कशात? एक ठोकळा वाकडा आला का? मूठ कुणाच्या हातात तुटली? नाव माझं सांगितलं, कारण लाज मला वाटत होती. तिला नव्हती वाटत. तिला तुमच्याकडच्या कामाची काळजी होती, तेवढंच.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्र्यंबकशेट त्यांच्याकडे पाहत राहिले. ते वाईट नव्हते, पण चार लोकांत काय बोलावं हे त्यांना सुचत नसे. शेवटी त्यांनी कुंचला दगडूपुढून उचलून गोदूबाईपुढे ठेवला आणि म्हणाले, “हा राठ आहे. दुसरा मऊ आहे, तो आणू का?”

“मऊच द्या,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं नऊ शिक्क्यांचे सांधे बुजवले. त्र्यंबकशेटांनी त्यांतला एक आठ दिवस शाईत बुडवून ठेवला, मग स्वतः कापून पाहिला. लाकूड आतून हळदीसारखं पिवळं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला तो गोदूबाईच्या नावानं.

माझा ‘खरी नक्कल’ शिक्का त्यानंतर अकरा वर्षं चालला. अक्षरं झिजून गेली, रबर मात्र हललं नाही. एकदा तिनं मला विचारलं होतं, यावर लिहिलंय काय? मी वाचून दाखवलं. तिनं दोनदा ते शब्द म्हणून पाहिले आणि पुन्हा कामाला लागली.

दगडू पुढे सहा वर्षं जगला. दर बुधवारी तो तिच्याबरोबर ठाण्याला यायचा. काम काही नव्हतं. दुकानाच्या पायरीवर काठी आडवी ठेवून बसायचा. कुणी नवा शिक्का घेऊन बाहेर पडलं की त्याला थांबवायचा, शिक्का मागून घ्यायचा आणि डाव्या हाताचा अंगठा सांध्यावरून फिरवायचा.

“आमच्या बायकोनं केलाय,” म्हणायचा.

आतून गोदूबाई ओरडायची, “अहो, जाऊ द्या की त्यांना!” माणसं हसत निघून जात, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसे.