मामांच्या शेडची लाईट

आमच्या मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचं म्हणजे आधी झडती द्यावी लागे. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. पाहुणा असो की सरपंच, मामा त्याला दारातच अडवत. गळ्यातलं उपरणं काढून खुंटीला लावायला सांगत, बाह्यांच्या गुंड्या स्वतःच्या हातानं लावत, पायात चप्पल दिसली की बूट घालून या म्हणत. "मशीनला मानूस अन् फडकं येगळं कळत न्हाई," एवढंच वर ऐकवत. सगळं घाटनांदूर त्यांना चक्रम समजे. नवी नवी होते तेव्हा मीही समजत होते.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढून ते निवृत्त झाले आणि घरामागे शेड टाकून बसले. धंदा असा नव्हता. कुणाच्या खिडकीचे गज, कुणाच्या गोठ्याचं फाटक, नाहीतर आपलंच काहीतरी चाललेलं असे. मला शिवणकाम येत होतं. एकदा मी दारात उभी राहून त्यांची करवत बघत होते, तर म्हणाले, "बघतीस काय नुसती? कापड कापतीस ना, मंग लोखंडबी कापशील. पन आदी बांगड्या काढ."

झालं! घरात गहजब. सासूबाई ओसरीवरून कडाडल्या, "नवरा जित्ता हाय तिचा! काय बोलावं, काय न्हाई, काही कळतं का तुमाला?"

"बांगडीपाई हात गेला, तर बांगडी भरायची कुटं?" मामांनी विचारलं.

सासूबाई हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवटी तोडगा निघाला. बांगड्या देवापुढच्या ताटलीत ठेवायच्या आणि दोन्ही मनगटांना हळदीचं बोट लावून शेडमध्ये जायचं. हळदीच्या मनगटांनी लोखंड कापणारी सून साऱ्या तालुक्यात मी एकटीच असेन. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या, आणि मामा त्यांनाही पदर खोचून घ्यायला लावायचे.

कटर मशीनची त्यांना हौस नव्हती. "उठलं की कटर! कावून?" म्हणायचे. पातळ पत्र्याला कात्री, नळीला बारीक दातांचं पातं, जाड गजाला मोठ्या दातांचं. हातानं होणारच नाही असं काम असेल तरच मशीन. "हत्यार जोरानं न्हाई, दातानं कापतं," हे वाक्य मी इतकं ऐकलंय की पोळ्या लाटतानाही आठवतं. माझा स्वभाव घायकुता. करवत दामटायची आणि पातं कडकन मोडायचं. मामा रागवत नसत. नवं पातं लावून देत आणि म्हणत, "लोखंड कुटं पळून चाललंय? तू कावून पळतीस?"

खंडेनवमीला मात्र त्यांचं आणि सासूबाईंचं ठरलेलं भांडण असे. त्या दिवशी सगळी हत्यारं पुजायची. एका वर्षी सासूबाईंनी भक्तिभावानं सगळ्यांवर फुलानं पाणी शिंपडलं, कटरच्या चकत्यांचा गठ्ठा तर तांब्यानंच न्हाऊ घातला. या चकत्या ओल खाल्ली की आतून कच्च्या होतात आणि फिरता फिरता फुटू शकतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी एकेक चकती मोडून टाकली. मामा देवाचं पाणी बाधलं म्हणतात, म्हणून सासूबाई डोळ्यांत पाणी आणून बसल्या. मामा त्यांच्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "अगं, देवाला हत्यार दाखवायचं असतं. आंघुळ न्हाई घालायची." दुसऱ्या वर्षीपासून चकत्यांना कोरड्या अक्षता मिळू लागल्या.

असा हा माणूस. म्हणून त्या दुपारी जे झालं त्यावर माझा विश्वासच बसेना. मामा नळी कापत होते. मी मागून काहीतरी विचारलं आणि ते उत्तर द्यायला वळले, ते हातातलं चालू मशीन घेऊनच. चकती माझ्या पोटासमोर फिरत होती आणि मामा हसून बोलत होते. मी भिंतीला चिकटत सरकले आणि बटण बंद केलं. "कावून बंद केलंस गं?" त्यांनी विचारलं. चालू मशीन घेऊन आपण वळलो हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा विसराळूपणा नाही, आजार आहे. तो वाढत जाणार, मशीनला हात लावू देऊ नका. सांगायला सोपं आहे. आमच्या ह्यांचं बापापुढे तोंड उघडेना. शेवटी मीच शेडचा फ्यूज काढून घेतला. सकाळी मामांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "लाईट न्हाई का?" मी म्हटलं, "गेलीय, मामा. येईल दुपारपर्यंत."

आमच्या भागात या थापेइतकी खरी वाटणारी गोष्ट दुसरी नाही. मामा स्टुलावर बसून राहिले. मग रोजच तसं होऊ लागलं. चष्मा लावून, गुंड्या लावून ते लाईटीची वाट बघत बसायचे आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडायचे.

एकदा गावाचीच लाईट गेली. पिठाची गिरणी थांबली. हे अंगणातून ओरडले, "लाईट गेली!" शेडमधून मामांचा आवाज आला, "आज खरंच गेली व्हय?"

मी धावत गेले. "मामा, तुमाला ठावं होतं?"

"ध्यानात ऱ्हातं तवा ठावं असतं," ते म्हणाले. "इसरलो की बसतो वाट बघत." मग माझा हात धरला. "पोरी, तू करतीस ते बराबर हाय. म्या रागावंल, रडंल, शिव्याबी दील. तरी लाईट देऊ नको."

पुढे ते रागावले, रडले. ज्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी मला घरातून चालती हो म्हटलं. मी लाईट दिली नाही. त्या एका बोलण्यावर मी ते सगळे दिवस काढले, आणि तरीही रोज वाटायचं, आपण या माणसाचे हातच काढून घेतले आहेत.

गेले ते सकाळी गेले. मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. मला ओळखायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "बाई, लाईट आली का हो?"

त्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"न्हाई अजून, मामा," मी म्हटलं.