यानाचे तीन कारभारी

यानाचा कारभारी बदलला की आमच्या आक्का त्या दिवशी भाकरी थापताना कुणाशी बोलायच्या नाहीत. पिठात पाणी जास्त पडलं तरी नाही, चूल धुपली तरी नाही. मग सगळ्यांची जेवणं उरकली, खरकट्या भांड्यांचा ढीग पुढ्यात आला, की एकदम म्हणायच्या, "सुमन, आता ह्या लोकायचं काई खरं न्हाई बघ." 'ही लोकं' म्हणजे गावातली नव्हेत हे मला कळायला दोन-तीन महिने लागले. तोवर मी बापडी शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी करत बसायची.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी परभणीची, बी.ए. झालेली, लग्न होऊन वालूरला आले ते विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेल्या वर्षांत. पुढे काही वर्षांनी मामंजींनी घरात टीव्ही आणला. रविवारी सकाळी त्यावर एक मालिका लागायची. पृथ्वी सोडून निघालेलं एक अंतराळयान, त्यात दहा-बारा माणसं, आणि कुठल्याशा दूरच्या ताऱ्याकडे चाललेला न संपणारा प्रवास. मालिकेचं नाव जड हिंदी होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आमच्या घरात तिला सगळे 'यान' म्हणायचे. ती मधेच बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची, आणि सुरू झाली की ती बनवणारा माणूस नवा असायचा. असे तीन झाले. पडद्यावरच्या नावांच्या पाटीवर त्यांना निर्माता-दिग्दर्शक म्हटलेलं असे. आक्का त्यांना कारभारी म्हणायच्या.

मला हसू यायचं. "आक्का, तो काय घर चालवतो का?" मी विचारायची. "मंग दुसरं काय करायलाय?" त्या म्हणायच्या. "माणसं तीच, छप्पर तेच. पण कोणाच्या ताटात काय पडावं आन कोणी कव्हा बोलावं, हे कारभारी ठरवतो. तुला एकत्र घरात राहून एवढं कळंना व्हय?" वीस-बावीस माणसांच्या त्या घरात येऊन मला काही वर्षं झाली होती. तरी मला खरंच कळत नव्हतं.

पहिल्या कारभाऱ्यावर आक्कांचा फार जीव. "त्याच्या राज्यात माणसं जेवायची," हे त्यांचं पहिलं सर्टिफिकेट. त्याने यानाच्या मागच्या खोलीत भाजीचे वाफे दाखवले होते, आणि पाणी कुठून येतं, ते कोण मोजून देतं, हेही दाखवलं होतं. एका भागात तर पाण्याची टाकी गळते, एवढंच. अर्धा तास ती माणसं घोटाघोटाने पाणी वाटून घेत होती. मी भिंतीला टेकून चक्क झोपले. जागी झाले तर आक्का पदराने डोळे पुसत होत्या. त्या यानात एक डॉक्टरीणबाई होती, यंत्रातलंही तिला कळायचं. कप्तानाचं चुकलं तर ती सगळ्यांसमोर "चुकलं" म्हणायची, आणि कप्तान गप ऐकून घ्यायचा. हे बघताना आक्का नकळत ताठ बसायच्या.

आमची बसायची जागा म्हणजे बैठकीच्या आतल्या दाराचा उंबरा. पुढे लोडाला टेकून मामंजी, त्यांच्या मागे पुरुषमंडळी, आणि उंबऱ्याच्या अलीकडे आम्ही. आक्कांची कुसुम मात्र उंबऱ्यावरच बसायची, एक पाय आत, एक बाहेर. पोरगी हुशार, अगदी सुरीसारखी. "काकू, हा तारा आपल्याला दिसतोय, पण आत्ता तो तिथं असंल का न्हाई, सांगता येत न्हाई," असलं काहीतरी बोलून माझी बी.ए. पार धुळीला मिळवायची. मामंजी ऐकायचे. एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कुसुमला परभणीला घालू. शेतीचं कॉलेज दाराशी हाय, मंग पोरीनं कामून शिकू नये? जिम्मा माझा." आक्का उठून आत गेल्या. मला वाटलं दूध उतू गेलं. आत जाऊन बघते तर देवापुढे हात जोडून उभ्या. त्या दिवसापासून त्यांना जगात दुसरं काही नको होतं. कुसुम शिकावी, बस्स.

दुसरा कारभारी आला आणि यानात धूमधडाका सुरू झाला. दर रविवारी नवा ग्रह, निळ्या तोंडाचे शत्रू, धूर, स्फोट. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा! आम्ही जावाजावा ह्यावरून चांगल्या तावातावाने भांडायचो. "पहिल्याच्या वेळी काही घडायचंच नाही, आक्का." "आन आता घडायचं थांबतच न्हाई. ह्याच्या राज्यात दारं लय आपटतेत." पण बाई न्यायाची. दुसऱ्याने एकदा एक भाग केला. यानातला एक म्हातारा एका ओसाड ग्रहावर मागे राहतो, कारण परत न्यायला इंधन पुरणार नसतं. आक्का म्हणाल्या, "आज जमलं त्याला. रोज असं करायला काय होतंय मुडद्याला!"

त्यांचं चुकायचंही. एका रविवारी सगळ्यांची तोंडं हिरवट दिसायला लागली, आवाज बसले, चालणं मंद झालं. आक्कांनी जाहीर करून टाकलं, "बदलला कारभारी. सुतकातला आणलाय कोणीतरी." पाटी आली तर नाव तेच. वीज कमी दाबाने येत होती, एवढंच. मधले भाऊजी पोट धरून हसले. आक्काही हसल्या. "मंग विजेचा कारभारी बदलला म्हणा," म्हणाल्या.

त्याच सुमाराला मामंजी गेले. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. रीतीने कारभार थोरल्या भाऊजींकडे, म्हणजे आक्कांच्या यजमानांकडे यायचा. पण थोरले भाऊजी देवमाणूस. देवमाणसाचा संसारात काय उपयोग, ते आक्कांना विचारावं. कुणी 'हो' म्हटलं की त्यांचं हो, 'नाही' म्हटलं की नाही. तेराव्याला भावकी बसली आणि कारभार मधल्या भाऊजींकडे गेला. मधले भाऊजी वाईट नव्हते. धडाडीचे होते. त्यांनी ट्रॅक्टर घेतला, पंचायतीला उभे राहिले, दारात माणसांची ये-जा वाढली, चहाचं पातेलं चुलीवरून उतरेना. सकाळी काय रांधायचं हे मामंजी आक्कांना विचारायचे. मधल्यांनी विचारायचं बंद केलं. त्यात त्यांचा डूख नव्हता, आक्कांना विचारावं हे त्यांना सुचतच नसे.

यानात डॉक्टरीणबाई एका स्फोटात जखमी झाली आणि पुढचे कितीतरी रविवार काचेच्या पेटीत नुसती पडून राहिली. आक्का भांडी घासता घासता म्हणाल्या, "कारभारी बदलला की पहिल्यांदा बायांचं बोलणं कमी होतं, सुमन. मंग बाया कमी होतेत." मी "काहीतरीच तुमचं" म्हणाले. पण ते वाक्य त्या रात्री मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे शाळामास्तर. "आक्का फार बघतात टीव्ही," म्हणून ते कुशीवर वळले.

कुसुम दहावी चांगल्या मार्कांनी झाली, सेलूला अकरावी सायन्सला जाऊ लागली. ते दिवसच असे, की विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा आज बंद, उद्या मोर्चा, परवा एसटी बंद. मधल्या भाऊजींना आयतं कारण मिळालं. "कॉलेजं बंद पडायलेत, रस्त्यावर दगडं. तरणी पोर परभणीला कोण ठेवंल?" आक्का आतून म्हणाल्या, "द्या म्हणावं की नाव एकदाचं. त्या माणसानं समद्यायला शिका म्हणून सांगितलं, आन त्याच्या नावापायी पोरी घरी बसवायच्या व्हय?" बैठकीत पंचायतीचे लोक होते. भाऊजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या संध्याकाळी मात्र थोरल्या भाऊजींना त्यांनी बाजूला घेतलं आणि बायकोला आवरायला सांगितलं. देवमाणूस "बरं" म्हणाला.

मग यानाला तिसरा कारभारी आला. हा चिक्कू. यानाच्या दोनच खोल्या उरल्या. पहिल्याच्याच गोष्टी कपडे बदलून पुन्हा यायला लागल्या, आणि कप्तान कर्तव्यावर भाषणं ठोकायला लागला. भाजीचे वाफे कुठे गेले ते कुणी सांगेना. डॉक्टरीणबाई बरी झाली, पण तिचं कप्तानाशी लग्न लावून तिला पृथ्वीवर पाठवून दिली. आता ती डोक्यावर पदर घेऊन खिडकीशी बसायची आणि यानाच्या निरोपाची वाट बघायची. कुसुम म्हणाली, "माय, बंद कर ते." आक्का हलल्या नाहीत. "न्हाई गं. यानात बिघाड व्हईल बघ, मंग बोलावतील तिला. दुसऱ्या कोणाला येतंय का ते मशीन?" प्रत्येक रविवारी त्या ह्याच आशेवर बसायच्या. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. तिकडे त्या बाईला कोण बोलावतंय, आणि इकडे आपल्या घरात काय चाललंय!

अशाच एका रविवारी सकाळी पाथरीकडचे पाहुणे आले. आदल्या संध्याकाळी सांगून आले होते, म्हणजे मधल्या भाऊजींना माहीत होतं. आम्हाला सकाळी अंगण झाडताना कळलं. यान लागायच्या वेळी भाऊजींनी टीव्ही बंद करून त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला, आणि त्याच बैठकीत कुसुमला पाटावर बसवली. "काय शिकते?" पाहुण्यांनी विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "झालं की आता शिकून. घरचं समदं येतंय." मी दारामागे पोह्यांच्या बश्या धरून उभी होते. आक्का माझ्या हाताला धक्का देऊन पुढे गेल्या, आणि जी बाई पंचवीस वर्षांत पुरुषांच्या बैठकीत उंबरा ओलांडून गेली नव्हती, ती आत जाऊन उभी राहिली. "पोरीला शिकायचंय," म्हणाल्या. "मामंजींनी शब्द दिलाय. बारावी हून जाऊ द्या."

कुसुमने मान वर केली. मला वाटलं, झालं, आता काहीतरी होणार. मधले भाऊजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "पाव्हणं, आमच्या वैनी दर रविवारी यान बघतेत. त्यायला तिथली हवा लागली." पाहुणे हसले. भावकीतले दोघे-तिघे हसले. आमचे हे खाली बघत होते. थोरले भाऊजी सतरंजीचा दोरा ओढत होते. आक्का दाराशी परत आल्या, माझ्या हातातल्या बश्या घेतल्या आणि त्याच पाहुण्यांना एकेक करून पोहे दिले. दुसरं काय करणार होत्या? मीही चहा गाळायला आत गेले. काय करणार होते मीही?

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. यान पुढे थोडे दिवस चाललं आणि गोष्ट संपायच्या आतच बंद पडलं. डॉक्टरीणबाईला शेवटपर्यंत कुणी बोलावलं नाही.

दोन वर्षांनी वाटण्या झाल्या. मधले भाऊजी त्यांचा हिस्सा घेऊन सेलूला राहायला गेले. थोरल्या भाऊजींच्या हिश्शाचा कारभार कोण करणार हा प्रश्नच नव्हता. आक्कांनी चाव्या कमरेला लावल्या आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "चल पाथरीला. कुसुमचा बारावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो, शाळंत विचारून आले मी. तिच्या लेकराला मी संभाळते. आता कोण आडवं येतंय बघू." इतक्या हुशारीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जीपमध्ये सारखं बोलत होत्या. कुठली खोली तिला अभ्यासाला द्यायची तेसुद्धा ठरलं.

कुसुमचं सासर पाथरीच्या अलीकडे. घर बरं, माणसंही बरी. कुसुम जरा भरली होती, कडेवर पोरगं होतं. आक्कांनी पाणीसुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं. कुसुमने नीट ऐकून घेतलं. सासूकडे बघितलं नाही, की घाबरली नाही. पोराचं नाक पुसत म्हणाली, "कशाला माय आता? समदं विसरले मी. त्या पुस्तकातलं एक अक्षर ध्यानात न्हाई." आक्का म्हणाल्या, "येतंय की मागं. तू हुशार हायस." "व्हते," कुसुम म्हणाली, आणि हसून उठली. चुलीपाशी गेली, तिथून वळून विचारलं, "चहा कसा करू माय? साखर किती टाकू तुला?"

लग्न होईपर्यंत रोज सकाळी आक्कांचा चहा ह्याच पोरीने केला होता.

आक्कांनी चहा घेतला, नातवाच्या हातावर खाऊ ठेवला, विहिणीला घरी यायचं आवतण दिलं. सगळं रीतीने केलं. परतीच्या जीपमध्ये माणसं कोंबून भरली होती. आमच्या मांडीवर कुणाची तरी गाठोडी होती. मी काहीबाही समजूत घालायला लागले, पोर लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, असं. आक्का ऐकतच नव्हत्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "भांडली असती ना सुमन, 'तव्हा कामून गप बसलीस' म्हणून शिव्या दिल्या असत्या, तर म्या तिथंच पाय धरले असते गं तिचे. तिनं साखर विचारली मला." वालूर येईपर्यंत त्या तेवढंच म्हणत राहिल्या.