रिकामा चौथरा

काल टीव्हीवरच्या सिनेमात आभाळातून उतरलेली माणसं परदेशातलं एक नावाजलेलं म्युझियम लुटत होती. मी टाळी वाजवली.

"आबा, ते पहारेकरी रडतायत अन् तुम्ही हसताय?" नात म्हणाली.

"रडू देत. आपली जोगाई तिथंच काचेत कोंडलीय."

"अहो, सिनेमा आहे तो. खोटा!"

सिनेमा खोटा, पण म्युझियम खरं आहे. तिनंच मागं मोबाईलवर तिथल्या मूर्तीचा फोटो दाखवला होता. तुटलेल्या करंगळीवरून मी आमची गावदेवी जोगाई ओळखली. माझ्या लहानपणी ती देवळातून चोरीला गेली. तेव्हापासून आम्ही रिकाम्या चौथऱ्यालाच तेल-शेंदूर लावतो. नवी मूर्ती बसवू म्हणणाऱ्यांना मी देवळाची पायरी चढू दिली नाही.

पडद्यावर त्या आभाळातल्या पाहुण्यांनी मशाली पेटवल्या, तसा मी ओरडलो, "जाळू नका रे! आत आमची आई आहे!"

नात हसली. मला हसू आलं नाही. म्युझियम जळून माझं समाधान व्हायचं नाही. ते उभंच राहावं. जोगाई घरी यावी, आणि तिच्या रिकाम्या काचेपुढं त्या म्युझियमवाल्यांची नातवंडं आमच्यासारखीच म्हातारी होईपर्यंत हात जोडून उभी राहावीत.