बरं न करणारं ऑपरेशन

आमच्या गावावरून येणाऱ्या बेलापूरच्या गाडीच्या कंडक्टरने नगरच्या स्टँडवर मला हाक मारून सांगितलं, "तुझी माई गेली. घरी बोलावलंय." माई म्हणजे माझी थोरली चुलती. तिनेच मला वाढवलं. रडू येण्याआधी मनात संशय आला... ऑपरेशननेच गेली का?

तिच्या छातीत गाठ होती. लाजेपायी तिने ती लपवली. गाठ फुटून वाहू लागली तेव्हा घरात कळलं. जखमेला वास यायचा. उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या बायका एकमेकींकडे कुरडया घालतात. गव्हाचा चीक शिजला की नाही, हे माईनेच सांगायचं, असं ठरलेलं. यंदा तिला कुणी बोलावलं नाही. दाराआड बसून ती पलीकडचं हसणं ऐकत राहायची.

तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, आणि मी तिला नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रोग हाडांत उतरलाय, तो बरा होणार नाही. पण जखमेसकट गाठ कापून काढता येईल, वास जाईल. तात्यांनी मला बाहेर ओढलं. "बरं व्हनार न्हाई म्हनतोय, मग कापतो कशाला? आमच्यावर हात साफ करायचाय व्हय? तू शिकलेला, सांग की." खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

माईने डॉक्टरांना एकच विचारलं, "मला बायांत बसता येईल का?"

"बहुतेक येईल."

तो 'बहुतेक' तात्यांना खटकला. माई म्हणाली, "अवो, मरायचं तर हायेच. पन असं कोपऱ्यात न्हाई मरायचं मला."

ऑपरेशन झालं. वास गेला, जखम भरली. हाताची सूज राहिली, हाडं ठणकायची. तरी पावसाच्या तोंडावर, शेवटच्या कुरडयांना, शेजारच्या जनाकाकू स्वतः बोलवायला आल्या. माईने ओलं बोट चिकाला लावलं. "कच्चाय गं! चीक हाटायचा सोडून नुसत्या गप्पाच हाटल्या व्हय?"

"आल्या बाई सासूबाई परत!" जनाकाकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तात्या म्हणतात, कापलं नसतं तर जगली असती. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंय, तरी तात्यांना ठामपणे 'नाही' म्हणणं मला जमत नाही...

ऑपरेशननंतर माई ओट्यावर पोतं अंथरून बसायची, अर्धं मोकळं ठेवून. येईल त्याला हाताला धरून तिथं बसवायची, "आता कशाला लांब बसतो?" म्हणायची. परवा घरी गेलो, तर तात्या त्याच पोत्यावर, एका कडेला बसले होते. डॉक्टरला शिव्या चालल्या होत्या. मला पाहून ते थांबले, उरलेलं अर्धं पोतं हाताने झटकलं आणि म्हणाले, "बस."