बिनब्रेकची बातमी

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे एकाला हा किस्सा सांगितला तर त्याच्या नाकातून चहा आला, आणि त्याची बायको अजून माझ्याशी धड बोलत नाही. हसून झाल्यावर जरा वाईटही वाटेल, त्याला माझा इलाज नाही. त्या दिवसांत आमच्याकडे नुसतं हसण्यासारखं असं काही घडतच नव्हतं.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. लालबागला आमची चाळ. बाबा आणि मी एकाच गिरणीत कामाला, म्हणजे दोघेही घरी. आधी घरातलं पितळ गेलं, मग भिंतीवरचं घड्याळ गेलं. "जायचं नाही कुठे, तर वाजले किती हे कळून करायचंय काय?" असं बाबाच म्हणाले. अर्ध्या खोल्यांना कुलपं. माणसं गावी निघून गेलेली. गॅलरीत उभं राहिलं की कुणाचा तरी खोकला तेवढा ऐकू यायचा.

राहिली होती माझी सायकल. काळी, दणकट, घोड्याएवढी उंच. ब्रेकचे रबर कधीच झिजले होते, पण लालबागच्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागतो कुणाला? चप्पल जमिनीला घासायची, झालं!

बाबा म्हणाले, "मोहन, ही इथे राहिली तर पुढच्या महिन्यात हीपण विकू. गावी काकाकडे नेऊन ठेव. एक वस्तू तरी वाचू दे."

म्हणून शनिवारी सकाळी सायकल खांद्यावर मारून जिना उतरत होतो. खालून गावडे धावत वर आले. वरच्या मजल्यावरचे शेजारी, एरवी 'काय, कसं काय' यापलीकडे न बोलणारा माणूस. आज हातात पेढ्यांचा पुडा!

"मोहन, तोंड उघड!"

"अहो गावडे, सायकल..."

"उघड म्हणतो ना! मिटला रे, संप मिटला! सोमवारपासून हजर व्हायचं!"

पेढा तोंडात कोंबला आणि गावडे वर पळाले.

आता तुम्हीच सांगा. त्या वर्षी लालबागच्या जिन्यात कुणी 'संप मिटला' म्हणालं, तर 'कोणता हो?' असं विचारणारा एक तरी शहाणा सापडला असता का? माझे डोळेच भरून आले. वाटलं, वर जाऊन बाबांना मिठी मारावी. पण गावडे वरच चाललेत, ते सांगतीलच. दत्ताला कोण सांगणार?

दत्ता म्हणजे माझा जोडीदार. आमच्याच गावचा, शेजारच्या घरातला, गिरणीतही माझ्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर. संप लांबला तसा पावसाळ्यातच गावी निघून गेला होता. सोमवारी हजर झाला नाही आणि त्याची जागा दुसऱ्याला दिली तर? मी परळला धावलो. सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि कंडक्टरला पहिली बातमी दिली.

"मिटला?" कंडक्टर म्हणाला, "पेपरात तर काय नाय."

"पेपरात उद्या येईल. मला आतून कळलंय."

आतून! जिन्यातून म्हणायला काय झालं होतं?

दुपारी फाट्यावर उतरलो. आमचं गाव डोंगरापलीकडे. फाट्यावरून रानातली पायवाट, एका माणसापुरती. समोरून कुणी आलं तर एकाने कारवीत शिरायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. आधी चढ, मग डोंगराच्या सोंडेवरून लांबच लांब सपाट वाट, आणि मग गावापर्यंत नुसता उतार. या वाटेने गुरं गेलीत, नवऱ्या गेल्यात, गणपती गेलेत. सायकल कधी गेली नव्हती. मीही ढकलतच नेणार होतो हो!

पण वर पोचलो आणि काय झालं कुणास ठाऊक. दोन्ही बाजूंना ऐन-किंजळीची झाडं, वरून ऊन गाळून येतंय, वाटेवर वाळक्या पानांचा थर. डाव्या हाताला दरी, तळाशी नदी, करगोट्याएवढी बारीक. कुठलंसं पाखरू माणसासारखी शीळ घालत होतं. वर्षभर मी खाली मान घालून चाललो होतो. संप मिटलाय, सोमवारी साचा सुरू होणार, आणि ही वाट अशी मोकळी! टांग टाकली आणि निघालो.

काय सुख होतं ते! चाकाखाली पानं कुरकुरतायत, फांद्या कानाला लागतायत, वळणावळणाने वाट पुढे पळतेय. मी मोठमोठ्याने गात होतो. माकडं झाड सोडून गेली, एवढं वाईट गात होतो.

आणि उतार सुरू झाला.

ब्रेक दाबला. ब्रेक म्हणाला, मला आत्ता आठवण झाली होय? चप्पल घासली. चप्पल मागे राहिली. दुसरी घासली, तीही गेली! आता अनवाणी पाय दगडावर घासणार कोण? हँडल घट्ट धरलं आणि देवाचं नाव घेतलं.

वाटेत पहिली वाडी आली. खळ्यात आमच्याच गिरणीतले चारपाच जण बसलेले, वर्षभर तसेच बसलेले. मी ओरडलो, "संप मिटलाऽऽ! सोमवारी हजर!"

"कधी रे? पगाराचं काय ठरलं?"

"माहीत नाहीऽऽ!"

"अरे मेल्या, थांब तरी!"

"थांबता येत नायऽऽ!"

त्यांनी काय अर्थ काढला ठाऊक आहे? एवढी घाई आहे की सांगणाऱ्याला थांबायलाही वेळ नाही! दुसऱ्या वाडीत तर मी फक्त "मिटलाऽऽ" एवढंच ओरडू शकलो, कारण समोर म्हैस होती. म्हैस वाचली, मीही वाचलो. पण माझा तो आवाज ऐकून लोकांची खात्रीच पटली.

गावात शिरलो तो थेट दत्ताच्या अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीत. सायकलसकट. दत्ताने पाय धरून बाहेर ओढलं.

"मोहन? मेला नाहीस ना?"

"संप मिटला," मी पेंढा थुंकत म्हणालो. "सोमवारी हजर."

दत्ता मटकन खाली बसला. त्याच्या ओटीवर एक माणूस होता. धरणाच्या कामावरचा मुकादम. दत्ताला सोमवारपासून कामावर घ्यायचं नक्की करायलाच तो आला होता. दत्ता उठला, त्याच्यापुढे हात जोडून म्हणाला, "माफ करा. आमची गिरणी चालू झाली." मुकादम उठला, पलीकडच्या घरात गेला आणि तिथल्या माणसाला काम देऊन टाकलं.

दत्ताच्या आईने ट्रंकेतून त्याची कामाची खाकी पँट काढली, झटकली, आणि तोंडाला पदर लावून रडली. मला म्हणाली, "बाळा, तुझ्या तोंडात साखर पडो." गावडेंचा पेढा आधीच पडला होता, हे तिला काय ठाऊक!

रविवारी दोन्ही वाड्यांतली माणसं बोचकी घेऊन फाट्यावर हजर. एकाने तर मुलाचं जावळ पुढे ढकललं होतं. सोमवारी सकाळी आमची वरात परळहून लालबागला निघाली. मी पुढे, काकाच्या चपला घालून.

आता पुढचं ऐका. चाळींच्या गॅलऱ्यांतून लोकांनी बोचकी बघितली आणि एकच ओरडा झाला, "गाववाले परत आले! मिटला वाटतं!" झालं! पटापट लोक खाली उतरले. कुणी टोपी घालतंय, कुणी डबा शोधतंय, एक बाई तर आरतीचं ताट घेऊन आली. वरातीची मिरवणूक झाली. त्यात बाबासुद्धा! दाढी करून, धुतलेला सदरा घालून.

"काय रे मोहन," बाबा धापा टाकत म्हणाले, "आपलापण मिटला तर! गावाला बातमी आधी कशी पोचली?"

"मीच नेली की."

"तुला कुणी सांगितली?"

"गावडेंनी. शनिवारी, जिन्यात. आणि बाबा, आपलापण म्हणजे?"

बाबा चालता चालता थांबले. पुढे जाणारी माणसं बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"अरे गाढवा," ते अगदी हळू म्हणाले, "गावडे पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात आहे. त्यांचा संप मिटला. महिनाभराचा."

मी पुढे धावलो, "थांबा, थांबा" ओरडलो. कोण थांबतंय? मिरवणूक गिरणीच्या गेटवर पोचली. मोठं कुलूप, आणि गेटच्या पट्ट्यांमध्ये कोळ्याची जाळी. आवाज ऐकून आतला पहारेकरी भय्या डोकावला.

"क्या हुआ?"

"संप मिट गया ना?"

"मिट गया?" भय्याचा चेहरा असा उजळला म्हणता! "सच्ची? मेरेको तो कोई बोलाच नहीं!" आणि तोसुद्धा किल्ली शोधायला लागला!

शेवटी मला गेटच्या कठड्यावर चढून सांगावं लागलं. काय बोललो आठवत नाही. कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. एक म्हातारे कामगार म्हणाले, "चला, पाय मोकळे झाले," आणि सगळे हळूहळू पांगले. आरतीचं ताट घेतलेली बाई निरांजन विझवून निघून गेली. दत्ता बोचकं मांडीवर घेऊन फुटपाथवर बसला होता.

"आईला काय सांगू रे?" एवढंच म्हणाला.

धरणाचं काम गेलं ते गेलंच. दत्ता पुढे लोकांच्या आंब्यांची राखण करायला लागला.

बऱ्याच वर्षांनी गिरणीतली यंत्रं भंगारात निघाली तेव्हा मी गावी गेलो. दत्ता, त्याची म्हातारी आई आणि वाडीतले दोघेतिघे ओटीवर बसले होते. मी खाली मान घालून सांगितलं, "आपली गिरणी कायमची बंद झाली."

म्हातारीला कमी ऐकू यायचं. तिने दत्ताला विचारलं, "काय म्हणतो हा?"

"गिरणी बंद झाली म्हणतो."

"कोण, मोहन म्हणतो?" म्हातारी ताडकन उठली. "अरे, मग बसलास काय? तुझी खाकी पँट काढ! चालू झाली असणार!"

दत्ता पोट धरून हसला. मीही हसलो. पण वाडीतल्या दोघांनी मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, "मुंबईची एसटी सकाळी कितीला हाय रे?"